दहावी घटना

माझी लेक आठवीत होती त्या वर्षीची ही गोष्ट. दोहातल्या अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत ती शिकत होती. इतिहासाच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक राष्ट्राध्यक्ष वाटून दिला होता आणि लेकीच्या वाट्याला अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष आले होते. त्यांच्या कारकिर्दीतल्या दहा महत्त्वाच्या घटना निवडायच्या, प्रत्येक घटना का महत्त्वाची ते वर्गासमोर उभं राहून सांगायचं. घरात मदत करण्याजोगं कुणी नव्हतं. मी कोल्हापूरची, माझा शाळेतला इतिहास पन्हाळ्याच्या आसपास सुरू होऊन तिथंच संपायचा. नवरा सिव्हिल इंजिनियर, त्याला इतिहासातलं फक्त किल्ल्यांचं बांधकाम आवडायचं. तेव्हा लेकीनं सगळं आपलं आपणच शोधलं.

एका शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ऐक ना, मी वाचून दाखवते." ती इंग्रजीतच बोलायची. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. मी गवार मोडत बसले होते. मावशी ओट्याशी चपात्या लाटत होत्या.

मावशी म्हणजे आमच्याकडे घरकामाला राहणाऱ्या बाई. माझं सासर सावंतवाडीकडचं. सासूबाईंच्याच गावच्या या बाई, पंचेचाळिशीच्या, नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. गोव्यात एका घरी त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. मी इथल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन, माझ्या ड्यूट्या कधी सकाळच्या तर कधी दुपारच्या. नवरा उत्तरेकडच्या साइटवर असायचा, तिथल्याच कॅम्पात राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा; त्या आठवड्यात मात्र तो आला नव्हता. लेक शाळेतून परतायची तेव्हा घरात कुणीतरी हवं, म्हणून सासूबाईंनी मावशींना तयार केलं आणि आम्ही आमच्या नावावर व्हिसा काढून त्यांना अल मन्सूरातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. लेक त्यांना मावशी म्हणायला लागली, मग आम्हीही. त्या मला वहिनी म्हणायच्या आणि नवऱ्याला दादा.

लेक वाचत होती. शपथविधी. पहिलं मंत्रिमंडळ. राष्ट्रीय बँक. दारूवरच्या कराविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेलं बंड आणि ते मोडायला राष्ट्राध्यक्ष स्वतः फौजेबरोबर निघाले ते. युरोपातल्या लढाईत न पडण्याचा निर्णय. इंग्लंडशी झालेला तह. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मधेमधे मराठीत सांगत होते. त्या "हां हां" करत होत्या, लाटणं थांबत नव्हतं.

दहाव्या घटनेला लेक थांबली. म्हणाली, "ही पुस्तकात नाहीये. मी शोधून काढलीय."

तेव्हा राजधानी फिलाडेल्फियात होती. राष्ट्राध्यक्षांच्या घरात त्यांच्या बायकोची एक दासी होती, बाविशीच्या आसपासची. त्यांच्या गावाकडच्या इस्टेटीवरून आणलेली, गुलाम. त्या राज्याचा कायदा असा होता की बाहेरून आलेल्या मालकानं गुलामाला तिथं सलग सहा महिने ठेवलं तर तो गुलाम आपलं स्वातंत्र्य मागू शकतो. म्हणून सहा महिने भरायच्या आत घरातल्या गुलामांना काहीतरी निमित्तानं राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन आणायचे. की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. एक दिवस त्या मुलीला कळलं की आपल्याला मालकिणीच्या नातीला लग्नाच्या आहेरात देणार आहेत. घरचे सुटीसाठी गावी जायची बांधाबांध करत होते, तिनंही आपली बांधाबांध केली. आणि राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची बायको जेवायला बसलेले असताना ती घराबाहेर पडली आणि पुढं उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजात चढली.

हे मी मावशींना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचं लाटणं पहिल्यांदा थांबलं.

"मगे? गावली ती?"

मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, सापडली, पण परत गेली नाही. राष्ट्राध्यक्षांनी बंदरावरच्या अधिकाऱ्याला सांगून तिला परत आणायचा प्रयत्न केला, पुढं बायकोच्या भाच्याला पाठवलं. पण ती हाती लागली नाही. तिकडंच लग्न केलं, मुलं झाली, फार गरिबीत जगली. कायद्यानं ती मरेपर्यंत पळालेली गुलामच राहिली.

"नाय गेली ना परत? बरा झाला," मावशी म्हणाल्या, आणि तव्यावरची चपाती उलटली.

एवढंच झालं. मी गवार मोडून संपवली.

आता यात मला सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे. या शनिवारच्या आदल्याच दिवशी मावशी माझ्याकडे रजा मागायला आल्या होत्या. त्यांची आई गावी एका चुलतभावाच्या घराशेजारी एकटी राहायची. ती अंगणात पडली होती.

"वहिनी, आवस पडली. कंबरेचा हाड मोडला. माका चार दिस तरी गावाक जावक व्हया."

मी मनापासून हळहळले. कुठल्या डॉक्टरनं पाहिलं, ऑपरेशन करणार का, सगळं विचारलं. सासूबाईंना फोन करून कुणालातरी दवाखान्यात पाठवायला सांगितलं. आणि मग म्हटलं, "मावशी, पंधरा दिवस थांबता का? आमच्या लॅबची तपासणी आहे. मला सुटी मिळणार नाही, हिच्या परीक्षा आहेत, आणि दादा तिकडे साइटवर. तेवढी तपासणी होऊ दे, मग लगेच तिकीट काढते."

"तुमचा होवंदे. मगे जातंय," त्या म्हणाल्या.

खोटं काहीच नव्हतं त्यात. तपासणी होती, परीक्षा होत्या. पण मी नवऱ्याला चार दिवस घरी थांबायला सांगू शकले असते. शेजारच्या मल्याळी बाईला लेकीकडे बघायला सांगू शकले असते, ती आनंदानं हो म्हणाली असती. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं. पण मला भीती होती, आणि ती भीती मी स्वतःशीसुद्धा नीट बोलले नव्हते. अल मुंतझात राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची बाई रजेवर गेली ती परत आलीच नव्हती. मावशी गेल्या आणि आईपाशी राहिल्या तर?

त्यांचा पासपोर्ट आमच्या बेडरूममधल्या कपाटात होता, आमच्या तिघांच्या पासपोर्टांबरोबर, एका निळ्या पाउचमध्ये. त्या आल्या त्याच दिवशी नवऱ्यानं म्हटलं होतं, "द्या इकडे, हरवायचा." त्यांनी लगेच दिला होता. इथल्या कायद्याप्रमाणे तो त्यांच्याजवळच असायला हवा, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. पण आम्ही त्याला नीट ठेवणं म्हणत होतो.

पुढच्या गुरुवारी नवरा घरी आला. शुक्रवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मावशी आमच्याबरोबर बसायच्या नाहीत, आम्ही कितीदा म्हटलं तरी. आमचं आटोपलं की स्वयंपाकघरात जेवायच्या. लेकीनं भात कालवता कालवता विचारलं, "मावशीचा पासपोर्ट कुठे आहे?"

नवरा म्हणाला, "कपाटात. का?"

"तिच्या खोलीत का नाही?"

"सगळे एकत्र असलेले बरे."

"पण तो तिचा आहे ना. तिला हवा असेल तेव्हा ती घेऊ शकते का?"

नवऱ्याच्या एकदम लक्षात आलं की हे कुठून आलंय. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं. लेकीचं भाषण त्यानं आदल्या संध्याकाळीच ऐकलं होतं आणि कौतुकही केलं होतं.

"आपण काय तिला गुलाम करून आणलंय?" तो मराठीत म्हणाला, आवाज चढवून. "पगार देतो. फोन घेऊन दिलाय. शुक्रवारी सुटी असते. तुझ्या आजीच्या गावची आहे ती, घरच्यासारखी. कशाची तुलना कशाशी करतेस?"

"मी तुलना नाही केली," लेक म्हणाली. "मी फक्त विचारलं."

स्वयंपाकघरात नळ चालू होता तो बंद झाला. नवरा मराठीत बोलत होता, मावशींना त्याचा शब्दन्शब्द कळत होता. त्या दिवशी शुक्रवार होता, त्यांच्या सुटीचा दिवस, आणि त्या आमची भांडी घासत होत्या.

जेवण झाल्यावर नवरा लेकीच्या खोलीत गेला. मला वाटलं समजूत काढायला गेला असेल. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाला, "ते दहावं काढून टाकायला सांगितलंय. शाळेत नाना देशांची मुलं आहेत, कुणाच्या आईबापाला काय वाटेल सांगता येत नाही. उद्या कुणी विचारलं तुमच्या घरी कोण कामाला आहे, तर काय बोलणार ती?"

"मग काय घालणार त्याऐवजी?"

"निरोपाचं भाषण आहे ना त्यांचं. तिसऱ्यांदा उभे राहिले नाहीत, आपणहून सत्ता सोडली. मोठी घटना आहे ती."

मोठी होतीच.

रविवारी दुपारी नवरा साइटवर परत जाणार होता, सकाळी तो गाडीत पेट्रोल भरायला गेला होता. मी दुपारच्या ड्यूटीवर होते, सकाळी घरी. मावशी खाली किराणा आणायला गेल्या होत्या. मी कपाट उघडलं, पाउच काढलं, त्यांचा पासपोर्ट हातात घेतला. फोटोत त्या घाबरल्यासारख्या दिसत होत्या, केस तेल लावून चापून बसवलेले. मी ठरवलं होतं की त्या आल्या की हातात द्यायचा. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. मग लिफ्टचा आवाज आला आणि मी तो परत पाउचमध्ये ठेवला आणि कपाट लावलं. एवढंच सांगते की त्या क्षणी मला लॅबची तपासणी आठवली, आणि ती अजून सात दिवसांवर होती.

लेकीचं भाषण झालं. पालकांना बोलावलं होतं, मी रजा काढून गेले. बघा, त्यासाठी मला रजा मिळाली. ती निळा स्कार्फ घालून उभी राहिली आणि न अडखळता बोलली. दहावी घटना म्हणून तिनं निरोपाचं भाषण सांगितलं. सत्ता हातात असताना ती सोडून घरी जाणारा माणूस, असं काहीसं म्हणाली. टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, "तुझ्या टिपणात मी आणखी एक घटना वाचली होती, ती का गाळलीस?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, "वेळ पुरत नव्हता."

गाडीत मी म्हटलं, "छान बोललीस." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. लेकीला इतक्या सफाईनं खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ते आम्हीच तिला शिकवलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी मी ड्यूटीला निघायच्या तयारीत असताना, मावशींचा फोन वाजला. चुलतभावाचा होता. ऑपरेशनच झालं नव्हतं. आईचं वय बघून डॉक्टर थांबले होते, आता तिला न्यूमोनिया झाला होता आणि ती कुणाला ओळखत नव्हती. मावशींनी फोन ठेवला आणि पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, माजो पासपोट दिया."

विनंतीचा सूर नव्हता त्यात, रागाचाही नाही. मी "हो, हो, लगेच" म्हणत बेडरूममध्ये धावले. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली नेहमीच्या ड्रॉवरमध्ये नव्हती. मी पर्स पालथी केली. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. मावशी दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादान् जाताना चावी तांदळाच्या डब्यामागे ठेवल्यान. थंय आसा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमका म्हायत होता?"

त्यांची बोली माझ्या तोंडून कशी बाहेर पडली कोण जाणे. सासरी इतकी वर्षं ऐकलेली.

"म्हायत होता," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याच्या कपाटाक हात कसो लावचो?"

संध्याकाळच्या गोव्याच्या विमानाचं तिकीट मिळालं. मी ड्यूटीला गेले नाही. फोन करून सांगितलं की घरी अडचण आहे, आणि सुपरवायझर म्हणाली, "काळजी करू नका, आम्ही सांभाळतो." इतकं सोपं होतं ते. तपासणी चार दिवसांवर होती आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

मावशींनी बॅग भरली. फार काही नव्हतं. लेक शाळेतून आली तशी त्यांना बिलगली. विमानतळावर आम्ही तिघी टॅक्सीनं गेलो. आत जाताना त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला म्हणाल्या, "फ्रिजात कालवण आसा, दोन दिस पुरात." मी "लवकर या" म्हणणार होते. ते गिळलं.

विमान सुटायच्या सुमाराला सासूबाईंचा फोन आला. मावशींची आई दुपारीच गेली होती. चुलतभावानं त्यांना कळवलं नव्हतं, एकटी बाई विमानात कशी सहन करील म्हणून. सकाळपर्यंत त्यांची वाट पाहणार होते.

त्या रात्रभर प्रवास करून पोचल्या. नंतर सासूबाईंकडून कळलं की आई घरातच होती, पण मावशी आल्या तेव्हा तिला ताप नव्हता की श्वास नव्हता, नुसती आई होती. मावशींनी एकदाच हाक मारली म्हणे, आणि मग तयारीला लागल्या.

त्यांना पहिला फोन करायला मला आठ दिवस लागले. रोज करीन म्हणायचे. शेवटी लेकीनं विचारलं, "तू मावशीशी बोललीस का?" मी म्हटलं, "त्या दुःखात आहेत गं." ती म्हणाली, "म्हणूनच."

फोन लागला. त्यांनी आधी लेकीचं विचारलं.

"चेडू बरा आसा मा? जेवता मा नीट?"

मी हो म्हटलं. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, "मावशी, तुमची खोली तशीच आहे. तिकीट कधीचं काढू?" आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं की मी काय बोलतेय.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"आता नको, वहिनी. घर बंद पडात. मी हयच ऱ्हवतंय."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" पण त्यानं त्या शुक्रवारी मावशींची खोली आवरायला घेतली, उशांचे अभ्रे काढले, आणि मधेच पलंगावर बसला. "आपण चुकलो काय गं?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हो." लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही इतक्या थोडक्यात कुठलं भांडण मिटवलं नव्हतं, पण हे भांडणही नव्हतं.

आता आमच्याकडे एक श्रीलंकन बाई तासाच्या हिशेबानं येते, काम करून आपल्या घरी जाते. लेक मोठी झालीय, तिला दुपारी कुणी लागत नाही. खरं तर तेव्हाही फारसं लागत नव्हतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात सावंतवाडीला गेलो तेव्हा मी मावशींच्या घरी गेले, एकटीच. त्यांनी अंगणात खुर्ची टाकली, कोकम सरबत दिलं. चुलतभावाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आंबा यंदा कमी होता, विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, असं सगळं सांगत राहिल्या. मी मधेच म्हटलं, "मावशी, मी तेव्हा पंधरा दिवस थांबा म्हटलं. ते चुकलं माझं. तुम्हाला तेव्हाच पाठवायला हवं होतं."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. म्हणाल्या, "शेवटच्या दिसांत आवस सारखी माजा नाव घेय होती म्हणतत. दाराकडे बघान विचारी, इल्लय काय, इल्लय काय, असा."

मग पेला विसळायला आत गेल्या. मी बसून राहिले. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात घरच्या कुळथाच्या पिठाची पिशवी होती, लेकीसाठी. ती मला देताना त्या हसल्या नाहीत, आणि मी निघाले तेव्हा पुन्हा या असंही म्हणाल्या नाहीत. फाटकापर्यंत मात्र सोडायला आल्या.